मी अर्धंच सांगितलं

वडगाव मावळ,
शुक्रवार, ता. ११ फेब्रुवारी १९३८

चि. कमळा हिस महिपतीकाकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. लोणावळ्याच्या दवाखान्यात तू आता मलमपट्टी एकटीने करतेस हे वाचून बरं वाटलं. इकडे थंडी अजून आहे. शालूकाकूचा गुडघा दुखतो. मी रोजच्यासारखा कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो.

आधी तुझा धडा. सिस्टरबाईंनी ‘टेक’ची वाक्यं दिली आणि तू प्रत्येक ठिकाणी ‘घेणे’ लिहून ठेवलंस. तसं चालणार नाही. रोग्याचं टेम्परेचर टेक करायचं म्हणजे ताप मोजायचा. पल्स टेक करायची म्हणजे नाडी बघायची. आपण फोटो काढतो, ते टेक करतात. आपण परीक्षा देतो, तीही ते टेकच करतात! औषध मात्र दोघंही घेतो. ‘टेक इट टु द वॉर्ड’ म्हणजे वॉर्डात नेऊन दे. आणि न विचारता उचललं, लांबवलं, तरी शब्द तोच. मागचंपुढचं सगळं ऐकल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नकोस.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस की ‘आय डिड नॉट टेक इट’ हे बरोबर आहे का. बरोबर आहे. ‘डिड’ आल्यावर ‘टुक’ म्हणायचं नाही.

इथवर सोमवारीच लिहिलं होतं. मग कागद बाजूला ठेवला.

ते वाक्य तुला कुठे लागलं, ते तू दोन ओळींत उरकलंस. स्पिरिटची बाटली दिसेना, सिस्टरबाईंनी कोणी घेतली म्हणून विचारलं आणि सगळ्या तुझ्याकडे बघायला लागल्या. संध्याकाळी बाटली कपाटामागे सापडली, पण ‘आमचं चुकलं’ असं तुला कोणी म्हटलं नाही. तुझ्याकडेच का बघितलं, ते तू लिहिलं नाहीस. मला ठाऊक आहे. तुझी आई चोरीच्या आरोपावरून तुरुंगात जाऊन आली, हे तुमच्या कुसगावपासून लोणावळ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

कमळा, त्यात माझा हात होता.

सन १९२३चा जानेवारी. मी लोणावळ्याला एका इंग्रज इंजिनियराच्या बंगल्यावर कारकून होतो. तुझी आई, चिंगी, तिथे झाडलोट करी, पाणी भरी. साहेब आणि मडम आठ दिवस मुंबईला गेले होते. मडमेला मराठीचा शब्द येत नव्हता. परत आल्यावर एक लोकरी ब्लँकेट कमी दिसलं. तिने चिंगीला बोलावलं आणि मला म्हणाली, “आस्क हर, डिड शी टेक इट?”

मी विचारलं, “चिंगे, ब्लँकेट तू नेलंस का?”

ती म्हणाली, “व्हय, नेलं.”

मी मडमेला सांगितलं, “येस, शी टुक इट.” मडमेने त्याचा अर्थ चोरलं असा घेतला आणि पोलीस बोलावले.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला हे असंच सांगत आलो. आपल्या भाषेत नेणं वेगळं आणि चोरणं वेगळं, त्यांच्यात दोन्हीला एकच शब्द, त्यात माझा काय दोष? तुला हा धडा शिकवतानासुद्धा माझ्या मनात तेच होतं.

पण शब्दाचा दोष नव्हता. तुझ्या आईचं बोलणं तिथे संपलंच नव्हतं. ती म्हणाली होती, “व्हय, नेलं. तुमीच दिलंत की भाऊ, पोरीला ताप व्हता म्हून.”

मी अर्धंच सांगितलं.

ती ताप आलेली पोर तू होतीस. दोन वर्षांची. थंडी मरणाची होती आणि तुझी आई काम करताकरता रडत होती. किल्ल्या माझ्याकडे होत्या. मीच पेटी उघडून ब्लँकेट काढलं आणि म्हटलं, “ने हे. पोर बरी झाली की आण.” चांगलं काम केलं म्हणून त्या दिवशी स्वतःवर खूषसुद्धा होतो. मग मडम समोर उभी राहिली आणि मला एवढंच दिसलं की आपली नोकरी जाणार.

अजून एक आहे. ते लिहायलाच चार दिवस लागले. इथे वडगावच्या कोर्टात मॅजिस्ट्रेट मराठी होते. तिथे दुभाषी नको होता. तुझ्या आईने त्यांना सरळ सांगितलं की ब्लँकेट मला महिपती भाऊंनी दिलं. त्यांनी मला शपथेवर विचारलं, मराठीत विचारलं. मी म्हणालो, “मी दिलं नाही.”

दोन महिने सक्तमजुरी झाली. ती परत आली तेव्हा तू तिला ओळखलं नाहीस, आजीच्या पाठीमागे लपलीस. हे मला तुझ्या बापाने, गोविंदाने, भर बाजारात ऐकवलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. तुझ्या आईला मग कुठल्याच बंगल्यावर काम मिळालं नाही. आणि तुझी मराठी चौथी झाली तेव्हा तीच तुला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, “हिला सायबाची भाषा शिकवा, भाऊ. हिचं बोलणं दुसऱ्यानं सांगाया नगं.” त्याच दिवसापासून मी तुला शिकवायला लागलो.

काल कुसगावच्या वरच्या वाडीला जाऊन आलो. तुझी आई कूड लिंपत होती. मी अंगणात उभा राहिलो आणि शेजारीपाजारी ऐकत असताना सगळं बोललो. गोविंदा उठून रानात निघून गेला. तुझ्या आईचे हात थांबले नाहीत. मी म्हटलं, “चिंगूबाई, काहीतरी बोला.”

ती म्हणाली, “मला काय सांगताय? मी व्हते की तितं. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा.”

आज सकाळी मी कोर्टात लिहून दिलं आहे की माझी साक्ष खोटी होती. दुसऱ्यांचे अर्ज लिहिण्यात इतकी वर्षं गेली, माझ्या नावाचा हा पहिलाच. त्यावर मला काय शिक्षा व्हायची ती होवो. शालूला सांगितलं आहे.

सोमवारी पहिल्या गाडीने लोणावळ्याला येतो. सिस्टरबाईंना हेच सांगेन आणि ज्या ज्या तुझ्याकडे बघत होत्या त्यांच्यासमोर सांगेन, इंग्रजीत आणि मराठीतही. तू समोर असावंस असा माझा हट्ट नाही. असलीस तर मी एक शब्द जरी गाळला तरी तिथेच मला अडव.

तुझ्या आईविरुद्ध खोटी साक्ष देणारा,
महिपती