तिसरी पुकार

नागपूर, ७ मे १९६८

प्रिय मनोहरदादा,

सलाम. भिलाईत तुझं बस्तान नीट बसलं असेल. इकडे बाबांचे गुडघे पार गेलेत. चर्चची घंटा आता मीच वाजवते, बाकं पुसते, साहेब लोकांच्या संगमरवरी पाट्या घासते. राणीच्या राज्यात हे बांधणाऱ्यांनी खिडक्या इतक्या उंच कशाला ठेवल्या कोण जाणे, बाकावर बसलं की बाहेरचं झाडसुद्धा दिसत नाही. मिशनच्या दवाखान्यातून बोलावणं आलंय, जूनपासून तिथेच राहून नर्सिंग शिकायला; लग्न झालेलीला घेत नाहीत. माझा सगळा जीव त्यात अडकलाय.

तू चर्चची चौकीदारी नको म्हणून पळालास. पण आपली खोली त्या नोकरीबरोबरची, म्हणून बाबांनी चौकीदारी करणारा जावई शोधला, कामठीचा शांतवन. मला पाहायला आला आणि आधी घंटेचा दोर ओढून पाहिला. मग छताचं सागवान न्याहाळलं. माझ्याकडे बघायला त्याला वेळच उरला नाही. माणूस वाईट नाही रे, पण मला तो नको. बाबांना सांगितलं तर म्हणतात, "काहून रडून राहिली वं? घर सोडून जाणं तं नाही ना तुले!" म्हणूनच तर रडते मी.

पाद्रीसाहेबांनी दोन रविवार भक्तीत आमच्या लग्नाची पुकार केली, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. आपली रीत तुला ठाऊकच आहे, जिची पुकार तिनं आत बसायचं नाही, अपशकुन होतो. आजोबा बाहेर बसून साहेबांचा पंखा ओढायचे ना, त्या भिंतीशी मी बसते. दोरीचं भोक अजून तसंच आहे. त्यातून सगळं ऐकलं. हरकत विचारली तेव्हा आत कोणी खोकलंसुद्धा नाही.

तिसरी पुकार या रविवारी. शनिवारच्या गाडीनं ये, दादा. मागच्या बाकांवर बसू नकोस, तिथून बोललेलं वर छतातच विरून जातं. पुढे बस. विचारलं की उभा राहा आणि सांग, मुलीची मर्जी नाही. खोली जाईल. बाबा तुझ्याशी बोलणार नाहीत, माझ्याशीही नाही. तरी सांग. पाद्रीसाहेबांकडे मी स्वतः जाऊन आले. ते म्हणाले, हरकत भक्तीतच घ्यावी लागते, आणि ती घरच्या मोठ्या माणसानं घ्यावी. बाबांनंतर घरात मोठा तूच आहेस.

तुझीच,
वच्छला