आईने उमेदवार पाडला

आदरणीय मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमची गुडघेदुखी आणि मामींची बदकं ठीक असावीत. इकडे सगळे खुशाल, आई तर जरा जास्तच.

संसदेची निवडणूक आटोपली, निकालही लागला. गल्लीप्रमुख म्हणून माझं काम एकच, शेजारच्या गल्लीआधी आपलं शंभर टक्के मतदान उरकायचं. पहिल्या येणाऱ्या गल्लीला लाल झेंडा मिळतो, आणि पलीकडचे थिएपकाका गेल्या दोन खेपा तो दारात मिरवताहेत. यंदा पहाटेपासून भोंगा कोकलत होता. लोक न्याहारीआधीच येऊन घरादाराची मतं पेटीत टाकून गेले. (तसं चालत नाही, पण चालतं.) आईचंही मीच टाकणार होतो, पण तिने मतपत्रिका हातची सोडली नाही. उजाडलं तेव्हा गल्लीत तेवढं एकच मत उरलं होतं.

पाच उमेदवार, त्यातले दोन खोडायचे. लोक हाताला येतील ती दोन नावं खोडून गरम शेवयांचा फो खायला पळतात. आई मात्र चष्मा लावून फलकावरची पाचही जणांची माहिती मोठ्याने वाचत होती. मला भरून आलं, मामा! निवडणूक कुणी मनावर घेतली असेल तर माझ्या आईने. तेवढ्यात तिने मतदान अधिकाऱ्यालाच हटकलं, "काय रे बाबा, पक्षात कधी आला ते लिहिलंय, शिक्षण लिहिलंय, मग लग्न झालंय का ते कुणी लिहायचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाचवा उमेदवार तुमच्या पाटबंधारे खात्यातला तरुण इंजिनियर, बोकडाच्या सालात जन्मलेला. आपली थोआ, माझी लग्नाची बहीण, डुकराच्या सालातली, म्हणजे पंचांगाप्रमाणे जोडी उत्तम. मी हात जोडले, "अगं, मग दे की त्याला मत!"

"वेडा का काय तू? निवडून आला तर हनोईला जाईल. तिथल्या पोरी सोडतील होय त्याला?" असं म्हणून तिने त्याचंच नाव कागद फाटेस्तोवर खोडलं. तोवर पलीकडच्या गल्लीत शंभर टक्क्यांचे ढोल वाजायला लागले होते.

झेंडा गेला, पण थिएपकाकांनी बिअर पाजली, तेव्हा तक्रार नाही. तो मुलगा पडला. (एवढ्या तरुण पोराला पडण्यासाठीच उभं करतात, हे साऱ्या प्रांताला ठाऊक. आई मात्र स्वतःचा विजय समजून गल्लीभर केळी वाटून आली.)

आपला,
थुआट

ता. क. झेंड्याचं रडगाणं ऐकवायला एवढं लिहिलं नाही. मुलाचं लग्न झालंय का ते काढा, आणि नसेल तर रविवारी जेवायला घेऊन या. मतांचा विषय तेवढा काढू नका.

आणखी एक. थोआने वरचं सगळं वाचलं. म्हणते, आईच्या एकट्या मताने काय होतंय, मीही पहाटेच त्याला खोडलं होतं. तिने माहिती वाचलीच नव्हती. नुसता फोटो पाहिला होता.