आभाराच्या तासाला फुटलेलं तोंड

अहो गुरुजी,

मंजूनं शाळेत एका पोरीचं तोंड फोडलं, म्हणून लिहायला बसले. न्हाईतर तुम्हाला कागद लिहायची हौस मला कवाच नव्हती, तुम्ही जिवंत होते तवाबी न्हाई. तिसरी शिकलेली बाई मी. काना-मात्रा चुकला तर वरून छडी हाणू नका.

नात कोणाची? तुमचीच. मास्तरीण झाली तवा सगळ्या तीर्थपुरीत पेढे वाटत फिरले ते तुम्हीच. "माझी गादी चालवणार," म्हणून मिशीला पीळ देत होते. चालवली बरं! बराबर तुमच्यावानी चालवली.

झालं असं. तालुक्याला मास्तर लोकांचं प्रशिक्षण होतं. तिथं कोण्या सायबानं पडद्यावर चित्रं दावून सांगितलं, की शिक्षकानं मनात आभार ठेवावे. पोरांनी केलेलं बारीकसारीक पाहावं, त्यांना तसं सांगावं. मंग चिडचिड होत न्हाई, वर्गात जीव रमतो, शिकवण्यात आनंद वाटतो. वाईट काय बोलला तो? काहीच न्हाई. पण मंजूनं काय ऐकलं पाहा! दुसऱ्या दिवसापासून शेवटचा तास आभाराचा. पोरांनी एकेकानं उठायचं, हात जोडायचे आन् म्हणायचं, "मॅडम, तुम्ही मला शिकवता, मी तुमचा आभारी आहे." समोर खिडकीत मोबाइल उभा करून ठेवलेला. सगळं रेकॉर्ड करून मास्तर लोकांच्या ग्रुपवर टाकायचं.

अहो, आभार मास्तरणीनं मानायचे होते आन् ही पोरांकडून वसूल करून राह्यली!

पोरं काय, पाढे म्हणल्यावानी म्हणत गेली. शिवकन्या नावाची एक पोर आहे चौथीत. मायबाप ऊस तोडायला कर्नाटकात जातात, तिलाबी नेतात. दिवाळीला गेल्ती, आत्ता उन्हाळ्याच्या तोंडावर आली. तिची पाळी आली तवा उठली, पण हात जोडीना.

"बोल!" मंजू म्हणली.

"काय बोलू मॅडम? तुम्ही मला काय शिकवलं? मी तर फडावर होते."

खरं बोलली का न्हाई? बिलकुल खरं. पण पोरं फिदीफिदी हसली, आन् तुमच्या नातीचा हात उठला. अशी थोबाडीत दिली की पोर खिडकीच्या गजावर जाऊन आपटली. ओठ फाटला, दात पडला. हनुवटीवरून रक्त फ्रॉकवर.

मोबाइल चालूच होता. घरी आल्यावर मी म्हणलं, दाव. पाह्यलं. मंग मंजूच्या पाठीत एक धपाटा घातला. "आजी, तूबी मारतीस?" म्हणली. मी म्हणलं, "तुझा आभाराचा तास झाला, आता माझा."

त्याच दिवशी पोरीची माय आली, कौसाबाई. पदर खोचलेला, हातात ऊस तोडायचा कोयता. मंजू आत पळाली आन् कडी लावून बसली.

"बाहेर काढा त्या मास्तरनीला!"

"कोण गं तू?"

"जिच्या लेकराचा दात पाडला तिची माय!"

"कोयता खाली ठेव, मंग बोल."

"न्हाई ठेवत."

"मंग वरच धर. हात दुखला की ठेवशील."

अजूनच भडकली. अंगणात मंजूची स्कुटी होती, तिच्या सीटवर सपासप कोयता चालवला. आतला सगळा स्पंज बाहेर. बकरं सोलावं तसं सोललं सीट! शेजारपाजारचे गोळा झाले, पण जवळ यायला एकाची छाती होईना. माणसं नुसती मोबाइल धरायला असतात आजकाल.

"आता हिच्या तोंडावर हाणते!"

"हाण," मी म्हणलं. "पण कोयत्यानं न्हाई, हातानं. थांब, आणते तिला."

दारावर लाथ मारली. "मंजे, बाहेर ये, न्हाईतर दार मी फोडते." आली. कौसानं कोयता टाकला आन् अशी चपराक दिली की मंजूचा चष्मा पार न्हाणीपर्यंत गेला. दुसऱ्यांदा हात उगारला तवा मी मनगट धरलं. "बस. तुझ्या पोरीलाबी एकच बसली होती."

गुरुजी, नातीला मार खाऊ दिला म्हणून तुम्ही वर बसून चरफडत असाल. चरफडा. तुम्हाला कोणी हाणलं होतं तवाबी मी मधी पडले नव्हते, आठवतं का?

कौसानं तांब्याभर पाणी घटाघटा पिलं, कोयता उचलला आन् जाताना म्हणली, "माझी पोर आता शाळेत येणार न्हाई. तशीबी चार महिने फडावरच असती. शिकून कोणाचा मार खायचा?"

तिथं मी हरले. चपराकीनं न्हाई, ह्या बोलण्यानं.

आपला दिलीप संध्याकाळी घरी आला तो लगेच पोलिसात निघाला. "कोयता घेऊन घरावर आली, आई! आत टाकतो तिला." मी म्हणलं, "टाक. मंग तो व्हिडिओबी घेऊन जा. तुझी लेकबी आत जाऊ दे, दोघी मिळून भाकरी थापतील." पायात घातलेली चप्पल परत काढली त्यानं. मंजू म्हणली, "मला नको ही नोकरी. पोरं न्हाईत, जनावरं हायेत. आजोबांच्या वेळची पोरं कशी होती! आजोबा कसे विद्यार्थीप्रिय होते!"

विद्यार्थीप्रिय! तुम्ही गेल्यावर दिलीपनं चौकात फ्लेक्स लावल्ता, त्यावरचा शब्द. मला हसू आवरेना. मेलेल्या माणसाबद्दल काय काय छापतात! मंग म्हणलं, पोरी, बस इथं. तुला खरा आजा सांगते.

सांगितलं सगळं. भोकरदनच्या अंगाला वस्तीवरच्या शाळेत तुम्ही होते. पोरांना हाणायच्या निरगुडीच्या फोकी पाण्यात भिजवून ठेवायचे, लवचिक राहाव्या म्हणून. पोरं तुम्हाला पाहून चड्डीत मुतायची. घरी आले की ताट भिरकवायचे, आमटीचे शिंतोडे भिंतीवर. नामदेव नावाच्या पोराला सत्तावीसचा पाढा आला न्हाई, तवा त्याच्या बोटांवर फोक अशी हाणली की हाड मोडलं. मी तुम्हाला म्हणलं होतं, हे अंगाशी येईल. तुम्ही म्हणले, "मार खाल्ल्याबगर कोणी शिकलंय का?"

मंग त्याचा बाप आला, रंगनाथ. कुऱ्हाडीचा दांडा घेऊन. पातं काढून आल्ता, हे त्याचे उपकार! एकच घाव घातला, तुमच्या खांद्याचं हाड कडकन वाजलं. मला चुलीपाशी ऐकू आलं. रंगनाथ गेला, तसं मी तुमच्या सगळ्या फोकी चुलीत घातल्या आन् त्यावरच तुमच्या खांद्याला शेकायचं पाणी तापवलं. तुम्ही आतून शिव्या देत होते. मला तेवढा आनंद आधी कवा झाला नव्हता.

हात गळ्यात बांधून पडलेले तुम्ही, आन् पोळ्याची खांदमळणी आली. त्या संध्याकाळी रंगनाथ परत आला! मी विळी घेऊन उठले. पण त्याच्या हातात पळसाचं पान होतं, पानावर हळद-तूप. "बैलांचे खांदे मळले. थोडं उरलं, बाई," म्हणला. खाली बसला आन् जो खांदा मोडला त्यावरच हळूहळू चोळत राह्यला. बैलाला म्हणतात तसंच तुम्हाला म्हणला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

मी म्हणलं, जाऊ नका, विष घालंल. तुम्ही गेले. आल्यावर सांगितलं ते आजबी माझ्या ध्यानात आहे. नामदेवचा उजवा हात फडक्यात, डाव्या हातानं त्यानं तुम्हाला पुरणपोळी वाढली. तूप वाढताना वाटी कलली, अर्धं तूप तुमच्या धोतरावर. पोरगं भिऊन भिंतीला चिकटलं. तुम्ही त्याला म्हणले, "नामदेव, मोडक्या हातानं वाढलंस रे मला." एवढंच.

तुम्ही परत शाळेत जाऊ लागले तवा तुमचा हातच चालत नव्हता. फळ्यावर पोरं लिहायची, घागर पोरं आणायची, तुमच्या चपलेचा अंगठा पोरंच सरळ करायची. पोरं करतात काय काय, ते तुम्हाला तवा दिसाया लागलं. तुम्ही शाळा सुटताना दारात उभं राहून एकेकाला सांगायचे: तू आज फळा पुसलास, माझा खांदा वाचला. तू त्या बारक्याला पाढा शिकवलास, माझं काम हलकं केलंस. रोज, नाव घेऊन, जे केलं तेच. उगं गोडगोड न्हाई. पगार तोच होता, पत्रे तेच गळत होते, पोरंबी तीच शेंबडी. पण ताट भिरकवायचं बंद झालं तुमचं. एकदा तर वाटेनं गाणं म्हणत आले. मला वाटलं पिऊन आले.

एक टोचून बोलते, ऐकून घ्या. सगळ्या शाळेचे आभार मानले, माझे कवा मानले? ज्या बाईनं फोकी जाळल्या, खांदा शेकला, तिला एक शब्द न्हाई! मी मागितलाबी न्हाई. मागून घेतलेला आभार काय कामाचा?

हेच मंजूला म्हणलं. "पोळ्याला धनी बैलाचा खांदा मळतो. बैलाला कोणी म्हणतं का, ऊठ, माझ्यापुढं हात जोड, मी तुझ्याकडून नांगर ओढून घेतला म्हणून? तू बैलाकडून धन्याचा खांदा मळून घेऊन राह्यली, आन् त्यानं नकार दिला तर त्याचा दात पाडला."

रडली. रडू दिलं. मंग विचारलं, "पोर पडली तवा तू काय केलंस?"

"काहीच न्हाई आजी. नुसती उभी राह्यले."

"मंग रक्त कोणी पुसलं?"

ते तिला आठवतच नव्हतं! व्हिडिओ परत लावला, तवा दिसलं.

सकाळी तिला घेऊन कौसाच्या दारात गेले. म्हणलं, "पोरीला पाठव. मी स्वतः वर्गात बसते. हिचा हात उठला तर मी तोडते."

"तुमचा काय भरोसा, म्हातारे? नात तुमचीच."

"ठेवूच नको भरोसा. तूबी चल."

आली. कोयता घरी ठेवायला मात्र मी लावला. वर्गात मी मागं भिंतीला टेकून, कौसा दारात कमरेवर हात ठेवून, आन् पोरं एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं पाहत. ओठ सुजलेली शिवकन्या मंजूकडं पाठ करून बसली.

मंजूनं मोबाइल बाहेर काढला न्हाई. कोणालाच उठवलं न्हाई. स्वतःच उभी राह्यली. "सुमैया," म्हणली, "काल शिवकन्या पडली तवा तू पळत आलीस, ओढणी तिच्या तोंडाला लावली. ते काम माझं होतं. मी नुसती उभी होते. तू केलंस. तुझे आभार."

सुमैया म्हणजे सहा काड्या जोडून केलेली बारकी पोर. ती म्हणते, "अम्मी मारी मेरेकू, मॅडम. ओढनी का डाग नै जाता बोलके."

सगळा वर्ग खदखदा हसला. कौसाबी हसली दारात. मंजूलाबी हसू आलं, रडता रडता. "अम्मीला सांग, मी येते भेटायला," म्हणली. मंग विष्णूचं नाव घेतलं, त्यानं पाणी आणलं होतं. आरतीनं दात शोधून पुडीत बांधून दिला होता. एकेकाचं नाव घेत गेली तसा तिचा चेहराच बदलत गेला. गुरुजी, तुम्हाला असं दारात उभं राहून बोलताना मी कवा पाह्यलं नव्हतं. आता पाह्यलं.

शेवटी शिवकन्याजवळ जाऊन खाली जमिनीवर बसली. "तू खरं बोललीस. मी तुला काहीच शिकवलं न्हाई. खरं बोलल्यावर मी तुला मारलं."

पोर वळली न्हाई. पाठ तशीच ठेवून सुजल्या ओठातून म्हणली, "मंग आता शिकवा."

माफ केलं का? बिलकुल न्हाई. करूबी नये. पण पाटी काढली.

आता माझा शब्द घ्या, गुरुजी. मंजूचा हात परत उठंल. सवय लागलेला हात एका दिवसात सुधरत न्हाई, तुमचाबी न्हाई सुधरला. म्हणून ही शाळा असंपर्यंत मी रोज मागं जाऊन बसणार. आन् येत्या दिवाळीला शिवकन्या फडावर जाणार न्हाई. ती आपल्या घरी राहील, माझ्या ताटात जेवंल, मंजूला सकाळ-संध्याकाळ ती पडलेल्या दाताची जागा पाहावी लागंल. पाहू दे. कौसा अजून हो म्हणली न्हाई, "पाहू" म्हणली. कोयता घेऊन आली तरी पोर देणार न्हाई मी. आन् त्या पोरीनं जन्मात कवा आम्हाला धन्यवाद म्हणावं, असं माझं काही म्हणणं न्हाई.

फोकी जाळणारी,
सरूबाई