जानूच्या गोधडीचा गोट

अनसिंग,
ता. ९ जानेवारी १९३८

चि. सौ. चतुरास,

जगदेवचे आशीर्वाद. इकडे मी व तुझी आई बरे आहोत. आईचा गुडघा थंडीने धरतो, पण ऐकते कुठे, कापूस वेचायला जातेच. केनवडला जावईबापू व सासूबाई यांस नमस्कार सांगावा. बाळाला आता सव्वा महिना झाला असेल.

तुझे कार्ड पोचून सतरा दिवस झाले. उत्तराला उशीर केला, त्याचे कारण काम नव्हे. ते पुढे लिहितो.

आधी गोधडीचे. आत माझ्या जुन्या धोतराचे तीन पदर, वरून आईचे मऊ झालेले लुगडे. टाका तांदळाएवढा आणि दोन टाक्यांत अंतरही तेवढेच. बोट फिरवून पाहा, एकही टाका चढा लागणार नाही. मी शिंप्याच्या घरचा नाही, हे गाव अजून बोलून दाखवते. एका शिपायाचा फाटका कोट उसवून, शिवून, पुन्हा उसवून मी शिकलो. हात धरून कोणी शिकवले नाही, म्हणून कोणाची चूकही माझ्या हातात आली नाही.

कडेच्या गोटाचे मात्र अडले. तू लिहिलेस, "बाबा, जानूच्या गोधडीले होता तसाच गोट लावजा, तांबड्या छिटाचा, बारीक पांढऱ्या ठिपक्याचा. दोघं भाऊ एका गोटातले. त्याले तुमच्या गोधडीत ऊब तरी भेटली, तेवढ्यावर मी दिवस काढले." हे वाक्य मी पुष्कळदा वाचले.

वाशीमच्या बाजारात तीन दुकाने पाहिली. एकाकडे ठिपका ज्वारीएवढा. आपला मोहरीएवढा होता. दुसऱ्याचे छीट ओल्या चिंधीवर घासले तर चिंधी गुलाबी झाली. लेकरू गोट तोंडात घालते, हे त्या दुकानदाराला मला सांगावे लागले! तिसऱ्याकडे नुसते तांबडे, ठिपकाच नाही. शेवटी आपल्या शेजारच्या गुलाम नबीच्या दुकानात गेलो. तुला आठवतच असेल, जानूला नेले तेव्हा माझ्यासोबत तोच आला होता.

"ते तांबडं छीट पाह्यजे," मी म्हणालो. "बारीक ठिपक्याचं."

त्याने हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवला. "ते कापड तुह्या पेटीत हाय, जगदेव. माह्या दुकानात काहून हुडकून राह्यला?"

"हळू बोल."

"दोन साल हळूच बोललो न. आता पोरगी खुद मागून राह्यली. तुही इज्जत वाचवू का तिचा शब्द राखू?"

मी कापड न घेता परत आलो.

चतुरा, जानूची गोधडी जानूसोबत गेली नाही.

जानू गेला तेव्हा तू तापात होतीस. लेकरू गोधडीत गुंडाळून तू माझ्या हातात दिलेस आणि म्हणालीस, "बाबा, याले याच्यातच न्या." जावईबापू अजून पोचायचे होते. नाल्याकाठी गुलाम नबीने खड्डा केला. ठेवायच्या वेळी मी गोधडी काढून घेतली आणि खांद्यावरचे उपरणे गुंडाळले. तो म्हणाला, "पोरीनं काय सांगितलं तुले?" मी म्हणालो, "मातीत कापड सडून जाते. पुढच्या लेकराले होईल." ते खोटे होते. गेलेल्या लेकराचे पांघरूण दुसऱ्याला कोणी घालत नाही, एवढे मलाही कळते.

खरे असे की, तसा गोट माझ्या हातून आधी कधी झाला नव्हता. चारही कोपरे गोल वळवलेले, पट्टी उरेब म्हणजे कापडावर तिरपी कापलेली, आणि जोड कुठे आहे तो मलाही सापडू नये. वाशीमचा एक जाणता शिंपी ती गोधडी उलटीसुलटी करून जोड शोधत राहिला होता. ते काम मातीखाली घालणे माझ्याने झाले नाही. त्या घडीला मला लेकराहून गोट मोठा वाटला. पौषाची थंडी होती. उपरणे पातळ होते.

मी घरी आल्यावर तू विचारलेस, "त्याच्यातच ठेवलं न?" मी हो म्हणालो.

गेल्या रविवारी पेटी उघडली. तो गोट काढून नव्या गोधडीला लावायचा असे ठरवले होते, तुला जन्मात कळले नसते. वीतभर उसवला. अंगाकडच्या बाजूला गोटाच्या घडीपाशी काजळाचे बोट उमटलेले दिसले. तुझे की जानूचे, सांगता येत नाही, पुसट आहे. पुढे हात चालेना. गोधडी घडी करून पेटीत ठेवली.

मग बाळासाठी हळदी रंगाचे सुती कापड घेतले, तीनदा धुऊन खळ काढली, अडीच बोटांची पट्टी कापली आणि मशीनवर न घेता हाताने गोट घातला. चांगला झाला आहे. हे अशा पत्रातही लिहावेसे वाटले, याची शरम वाटते.

आईला यातले काही ठाऊक नाही. हे पत्र टपालात टाकून आलो की सांगणार आहे.

गोधडी पत्रासोबत धाडत नाही. माझ्या हातचे बाळाच्या अंगावर घालावेसे वाटले तर दोन ओळींचे कार्ड टाक, मी घेऊन येईन. नाही वाटले तर आईला एकटीला बोलाव. माझ्यामुळे तिला नातू दिसायचा राहू नये. जुन्या गोधडीचेही तूच ठरव. नाल्याकाठची जागा मी दगड ठेवून राखली आहे. नेऊन पूर म्हणशील तर पुरीन. तुझ्याकडे आण म्हणशील तर आणीन. माझ्या मताने एकदा झाले, आता माझे मत विचारू नको.

तू सांगशील ते ऐकणारा,
तुझा बाप
जगदेव