वॉशर बसायला वेळ लागतो

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.१०
स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय. ही म्हणाली, प्लंबरला बोलवा. मी म्हटलं, नळ म्हणजे असतं काय? एक चकती आणि चार आटे! संकल्प: आजपासून या घरात प्लंबरचं पाऊल पडणार नाही. ऑफिसातून येताना वॉशर आणणे.

संध्या. ७.४५
वॉशर बदलला. आधी मेन कॉक बंद करायचा असतो हे लोक ऐकून शिकतात, मी अनुभवाने शिकलो. ओटा, मिक्सर, ही आणि थोडंसं छत भिजलं. ठिबकणं चालू आहे, पण थेंब आता शिस्तीत पडतात.

४, मंगळवार. संध्याकाळ
घरी आलो तर नळ कोरडा ठाक! वॉशर बसायला वेळ लागतो, एवढंच. नळ कालपेक्षा चकचकीत दिसतोय. तोटीही जरा लांब वाटते. गळती थांबली की धातूला तेज येत असावं. बराच वेळ नळासमोर उभा राहिलो. हिला म्हटलं, बघितलंस? बघितलं, म्हणाली आणि तोंड फिरवून भाजी ढवळायला लागली. भरून आलं असेल.

६, गुरुवार. सकाळी ८
बाथरूमचं बेसिन तुंबलं. खालचा पाइप खोलला. केसांचा एवढा पुंजका निघाला की उंदीर समजून मी ओरडलो. (ओरडलो नाही. मोठ्याने श्वास घेतला.) पाइप परत जोडल्यावर एक रबरी रिंग उरली. कंपन्या एखादी जास्तच देतात. पाइप थोडा गळतो; बादली लावली. रोज वाद नको म्हणून नियम करून ठेवला: पाणी घोट्याच्या वर आलं तरच प्लंबर.

संध्या. ६.३०
बेसिन मोकळं, पाइप खडखडीत! खिडकीत ठेवलेली ती रिंग मात्र दिसत नाही. वाऱ्याने उडाली असावी. बेसिनखाली एक पाना सापडला. माझाच असणार. आपल्याकडे पाना आहे हे मी विसरूनच गेलो होतो. आई आपण होऊन म्हणाली, "फार सज्जन माणूस! हात कसा झरझर चालतो!" आईने माझं असं कौतुक मी शाळेत असतानाही केलं नव्हतं. डोळे पाणावले.

८, शनिवार
ऑफिसात दोन्ही पराक्रम सविस्तर सांगितले. साहेब म्हणाले, त्यांच्याकडे फ्लशची टाकी आठवडाभर वाहतेय. त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. म्हटलं, उद्या येतो! बढतीची यादी पुढच्या महिन्यात लागते. त्याचा याच्याशी संबंध नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं. हिला सांगितलं तर हिचा चेहराच पडला. "तिकडे नका ना जाऊ," असं तीनदा म्हणाली. नवरा जगाच्या उपयोगी पडू लागला की घरात थोडी असूया वाटायचीच.

९, रविवार. दुपारी १२.१५
टाकीखालचा कॉक बंद करायला गेलो. गच्च होता. जोर लावला. हातात आला. अख्खा. पाणी आधी साहेबांच्या मिसेसच्या अंगावर, मग पॅसेजमध्ये, मग हॉलमधल्या गालिच्यावर. मी भोकावर अंगठा दाबून धरला आणि सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. पाणी घोट्याखालीच होतं, म्हणजे नियमाप्रमाणे प्लंबरची गरज नव्हती. साहेबांना नियम ठाऊक नव्हता.

प्लंबर दहा मिनिटांत आला. जिन्यातला मेन कॉक फिरवला, कारंजं बंद. मग मला निरखून म्हणाला, "अहो, तुमचा फोटो पाहिलाय मी, तुमच्याच भिंतीवर! मंगळवारी तुमच्याकडे नवा नळ बसवला, गुरुवारी बेसिन केलं. तुम्ही ऑफिसला गेलात की वहिनी फोन करतात." साहेब ऐकत होते. त्यांच्या मिसेस सोफ्यावर उभ्या राहून ऐकत होत्या. "आणि माझा पाना राहिलाय तुमच्याकडे," हेही त्याने सर्वांसमक्षच सांगितलं.

संध्या. ५
हिला जाब विचारला. म्हणाली, "मंगळवारी सांगणारच होते. पण तुम्ही नळासमोर असे उभे होतात, वर्गात पहिला नंबर आल्यासारखे. धीरच झाला नाही."
चहा घेतला. तिनेच केला होता.

१०, सोमवार. सकाळी ११
ऑफिसला रजा. कारण सर्दी. आणि साहेब.
गीझरचा पाइप गळतोय. प्लंबरला मीच फोन केला; शहाण्या माणसाला कधी बोलवायचं ते कळतं. देखरेखीला जातीने उभा राहिलो. त्याने टॉर्च धरायला दिला. जरा वेळाने म्हणाला, "साहेब, उजेड पाइपवर. माझ्या डोळ्यांत नको." मग पुन्हा एकदा म्हणाला. तिसऱ्यांदा टॉर्च माझ्या हातातून काढून आईच्या हातात दिला.
आईचा हात थरथरतो. तरीही.