सही माझीच लागते

लातूर,
८ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. कंधारला थंडी कशी आहे? वहिनींचे गुडघे? बरं, विचारून झालं. आता माझी बातमी ऐक. मला घेतलं!

फोनवरच सांगणार होते, पण दुखण्याचा विषय निघाला की तू "हालो, हालो, आवाजच येईना बघ" म्हणून फोन ठेवतोस. म्हणून हे पत्र.

स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरलेला असेल तर दोन औषधं एकत्र देऊन बघायची, असा प्रयोग इथल्या दवाखान्यात सुरू झालाय. आपल्याच शरीरातले पहारेकरी गाठीसमोर पेंगत बसतात; एक औषध त्यांना उठवतं, दुसरं पुन्हा झोपू देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सोबत नेहमीची केमो. मी इतके प्रश्न विचारले की ते हसून म्हणाले, "मावशी, आता तुम्हीच वर्ग घ्या!" गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. तरी बाहेर येऊन मी लेकीला, भार्गवीला, घट्ट मिठी मारली आणि कॅन्टीनमध्ये भजी मागवली. मी एकच खाल्लं, पण खाल्लं!

हो दादा, मला माहीत आहे. दिवाळीच्या आधीपासून. "पोटाला सूज हाय, पथ्य पाळ," असं तू म्हणायचास आणि मी मान डोलवायचे. डॉक्टरांना दाराबाहेर नेऊन "तिला काही सांगू नका" म्हणालास, पण ते दार नीट लागत नाही, आणि तुझा आवाज अजून शाळेच्या मैदानावरचाच आहे.

या प्रयोगाचं त्यांनी आधी तुलाच विचारलं होतं. तू नको म्हणालास, कारण त्यात पेशंटला सगळं सांगावं लागतं, सही त्याचीच लागते. तेही त्याच दारातून ऐकलं तेव्हा मला फार राग आला. मग मीच जाऊन म्हणाले, मला सगळं ठाऊक आहे, कुठं सही करू?

येत्या सोमवारी पहिला डोस आहे. खूप आनंदात आहे मी, खरंच. आणि भीती वाटते रे. लई वाटते. इतके दिवस ते सांगायला घरात कुणी नव्हतं, कारण मला तर नुसती सूज होती ना!

रविवारीच ये. सोमवारी डॉक्टर बोलतील तेव्हा त्यांना बाहेर नेऊ नकोस. माझ्या शेजारी बस आणि रडू आलं तर तिथंच रड.

तुझी, सगळं माहीत असलेली,
शिवकांता