रिकामी गाडी, भरलेली गाडी

३ मार्च, सोमवार. सकाळी.
काल पोर घरी आली. आजपासून ही रोजनिशी. दवाखान्यातून निघताना वजन दोन किलो आठशे. आठवडाअखेर बालडॉक्टरांकडे पहिली भेट. सासूबाई विचारत होत्या की, मी आणखी महिनाभर राहू का. बायको म्हणाली, डॉक्टर काय म्हणतात ते बघू, मग ठरवू. म्हणजे माझ्यावर भरवसा नाही! बारा वर्षं वजनकाट्यावर काढली मी. वीस-वीस टनांचे ट्रक मोजतो. अडीच-तीन किलोंचं पोर सांभाळता येणार नाही होय?
पद्धत तीच. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, म्हणजे माल. मी काट्यावर एकटा : ७८.४. पोरीसकट : ८१.२. उरले २.८. दवाखान्याशी तंतोतंत जुळलं. सासूबाईंनी नुसतं बरं म्हटलं. कौतुक करायला जिवावर येतं.

५ मार्च, बुधवार.
सासूबाई बाळंतिणीसाठी तुपातलं गोड करतात, डबा भरून. बाळंतिणीच्या पोटात काय जातंय ते बापाने तपासायला नको? चार नग तपासले. उत्तम. उद्या पुन्हा तपासावं लागेल, एका नमुन्यावरून काही ठरवता येत नाही.
पोरीला मांडीवर घेतलं की रडते. सासूबाईंनी घेतलं की गप्प. सवयीचा भाग आहे.

८ मार्च, शनिवार.
भेट पुढच्या शुक्रवारवर गेली. डॉक्टरीणबाई गावाला गेल्यात. बरंच झालं, आकडे तेवढे जास्त जमतील.
भरलेली गाडी ८२.१. वजा ७८.४. पोर तीन किलो सातशे! सहा दिवसांत नऊशे ग्रॅम! बायको म्हणाली, मला तर एवढीच दिसते. तिला सांगितलं, डोळ्यांनी माल मोजत नाहीत. ती म्हणाली, एकदा स्वतःचं वजन पुन्हा करून बघ. हसूच आलं. रिकामी गाडी एकदा मोजली की तिचा आकडा दारावर रंगवतात, रोज कोण मोजतं?

११ मार्च, मंगळवार. दुपारी, ऑफिसात.
पोर चार किलो तीनशे. सगळ्यांना तक्ता दाखवला. साहेब म्हणाले, कमाल आहे. ड्रायव्हर म्हणाला, काट्यात काहीतरी गडबड असेल. मत्सर, दुसरं काय.
ऑफिसची पँट धुण्यात आटली. कंबरेचं बटण उघडं ठेवून बसलोय. नवी साबणपावडर बंद करायला सांगितली पाहिजे.
पोर अजून माझ्याकडे रडते. पण वजन बोलतं. शुक्रवारी डॉक्टरच सांगतील बाप कसा आहे ते.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी सात.
भरलेली गाडी ८३.२. पोर ४.८! तक्ता गुळगुळीत कागदावर छापून घेतलाय. एक प्रत डॉक्टरीणबाईंना, एक सासूबाईंच्या बॅगेत; बॅग मीच कपाटावरून खाली काढून ठेवलीय. वाचायला प्रवासात वेळ मिळेल.

त्याच दिवशी. दुपारी.
लिहू की नको. लिहितो, वाचणारं कोण आहे?
डॉक्टरीणबाईंनी पोरीला कपड्यांशिवाय काट्यावर ठेवलं. तीन किलो शंभर. म्हणाल्या, छान, अगदी हवी तशी वाढतेय. मी नम्रपणे म्हटलं, मॅडम, तुमचा काटा तपासून घ्या. आणि तक्ता पुढे केला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, रिकामी गाडी परत कधी मोजली होती? त्यांनी कोपऱ्यातल्या मोठ्या काट्याकडे बोट दाखवलं. चढलो. ८०.१.
एक किलो सातशे. पोरीचं नव्हे, माझं.
बायको इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. सासूबाई म्हणाल्या, तरी म्हटलं डबा इतक्या लवकर कसा रिकामा होतो. बाहेर बसलेल्या दोन आयाही हसल्या. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोर कुणाकडे जास्त शांत राहते? बायकोने आईकडे पाहिलं. तक्त्यात तो रकानाच नव्हता. फार वाईट वाटलं.
सासूबाईंची बॅग परत कपाटावर गेली.

१५ मार्च, शनिवार.
निश्चय. गोड बंद. उद्यापासून सकाळी सहाला तासभर चालणार. वही बायकोने काढून घेतलीय. जुन्या कॅलेंडरचं पान फाडून त्यावर लिहितोय.

१६ मार्च, रविवार. सकाळी नऊ.
सहाला उठलो होतो. बूटही घातले होते. तेवढ्यात पोर रडायला लागली. सासूबाई अंघोळीला, बायकोचा डोळा नुकताच लागलेला. मग मीच घेतली. खांद्यावर रडली. मांडीवर रडली. शेवटी आडवा झालो आणि पोटावर पालथी टाकली. गप्प! दोन मिनिटांत झोपली. तीन तास झाले, हलू देत नाही. तिचा श्वास शर्टातून लागतोय. इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं.
सासूबाई दारात येऊन बघून गेल्या. मग कपाटावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला. म्हटलं, जिंकलो! बायको त्यांना सांगत होती, आई, तू जा निर्धास्त. उशी चांगली आहे.
चालण्याचा कार्यक्रम रद्द. पोट कमी करणं पोरीच्या हिताचं नाही. जाण्यापूर्वी सासूबाईंनी डबा भरून ठेवावा, असं सुचवणार आहे.